तिचा बॅलन्स

आईच्या नावावर चार लाखांची एक मुदत ठेव होती आणि नॉमिनी मी. बँकेत चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला ती मोडायला अर्धा तास लागला. त्या पैशांचं करायचं काय, हे ठरवायला मात्र चार महिने गेले.

न्यू जर्सीतला धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, तू ठरव, मला त्यातलं काही नको." बायको म्हणाली, बायकांसाठीच काहीतरी कर. ते पटलं. आईच्या कपाटात बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात हिंगण्याच्या कर्वे संस्थेच्या भाऊबीज निधीच्या पावत्या सापडल्या होत्या, वर्षानुवर्षांच्या, नीट दोऱ्यात ओवलेल्या. पहिली पाच रुपयांची, शेवटची पाचशेची. मामाकडून आलेल्या ओवाळणीतून ती हे देत असावी. आम्हाला कधी बोलली नाही.

बायकोच्या भिशीतल्या एकीने पुण्यातल्याच एका छोट्या संस्थेचं नाव सुचवलं. घरात मार खाणाऱ्या, अत्याचार झालेल्या बायकांसाठी काम करणारी. नाव इथे लिहीत नाही, त्यांनीच लिहू नका म्हटलंय.

मी फोन केला आणि माझा बेत सांगितला. आईच्या वर्षश्राद्धाला तुमच्या निवाऱ्यातल्या सगळ्या बायकांना जेवण द्यायचंय, प्रत्येकीला एक साडी, आम्ही घरचे सहा-सातजण येऊन वाढू. पलीकडच्या ताईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "निवाऱ्याचा पत्ता आम्ही कोणाला देत नाही. पुरुषांना तर तिथे येताच येत नाही. आणि एक सांगू का, तुमच्या आईच्या श्राद्धाचं त्यांनी का जेवायचं?"

मला राग आला. देणारा मी, आणि वर ऐकूनही मीच घ्यायचं! फोन ठेवल्यावर बायकोला म्हटलं, यांना गरज दिसत नाही. ती म्हणाली, "तुला जेवण घालायचंय, त्यांना जेवायचंय असं कुठे म्हणाल्या त्या?" चौतीस वर्षांत लोकांचे कर्जाचे अर्ज नाकारले, पण आपलं देणं कोणी नाकारलेलं पहिल्यांदाच पाहत होतो.

आठवड्याने गेलो त्यांच्या ऑफिसात. शिवाजीनगर कोर्टापासून चालत जाण्याच्या अंतरावर, एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या दोन खोल्या. भिंतीवर १८१ या महिला हेल्पलाइनचं पोस्टर, कोपऱ्यात मुलांसाठी खेळण्यांची टोपली. पंखा होता, पण त्याच्या पात्यावर कोणाच्या 'स्मरणार्थ' लिहिलेलं नव्हतं. हे मी मुद्दाम पाहिलं, कारण माझ्याही डोक्यात तसलंच काहीतरी होतं.

ताई साठीच्या आसपासच्या. उमेदीच्या काळात मुंबईत होत्या. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांबरोबर महिला व मुलांसाठी जो विशेष कक्ष सुरू केला, त्यात त्यांनी काही वर्षं काम केलेलं. पोलिसांच्या आवारात बसून बायकांचं ऐकायचं, ही त्या वेळी नवी गोष्ट होती. त्यांना मी काही विचारायच्या आत त्यांनीच विचारलं, "तुम्ही बँकेत होतात ना? मग ताळेबंद वाचा आधी." आणि तीन वर्षांचे हिशेब समोर ठेवले.

वाचले. खर्चाच्या निम्म्याहून जास्त रक्कम पगारावर! मी बोट ठेवलं. "माझे पैसे बायकांना मिळायला हवेत, पगारात जायला नकोत."

"समुपदेशक अठरा हजारांवर काम करते," ताई म्हणाल्या. "रात्री दोनला पोलीस ठाण्यातून फोन आला तर रिक्षा करून तीच जाते. बाईला मिळतं ते हेच. साड्या तिच्याकडे असतात हो, बहुतेकींकडे."

मी गप्प बसलो. पटलं म्हणून नाही. पुढे काय बोलायचं ते सुचलं नाही म्हणून.

मग त्यांनी खरी यादी सांगायला सुरुवात केली आणि मी सवयीने डायरी काढली. धायरी-वडगावच्या बाजूला एक खोली घ्यायची तर डिपॉझिट वीस-पंचवीस हजार, आणि एकटी बाई म्हटल्यावर घरमालक आणखी दोन महिन्यांचं आगाऊ मागतो. कोर्टाच्या तारखांना येण्याजाण्याचा खर्च. एसटीत २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे खरं, पण त्या दिवसाची मजुरी बुडते, आणि पोराला कोणाकडे ठेवायचं हा प्रश्न उरतोच. नवऱ्याने दहावी-बारावीची सर्टिफिकेटं जाळली असतील तर बोर्डातून दुसरी प्रत काढायची. एक साधा मोबाइल आणि नवं सिमकार्ड, कारण जुना नंबर नवऱ्याच्या नावावर.

कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ चा, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ ला. पहिल्या तारखेपासून साठ दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असं त्यात लिहिलेलं आहे. ताईंनी हे वाक्य पाठ म्हणून दाखवलं आणि हसल्या. पोटगीचा अंतरिम आदेश होईपर्यंत, आणि आदेश झाल्यावर ती पोटगी प्रत्यक्ष हातात पडेपर्यंत, या दोन्हींच्या मध्ये जो काळ जातो, त्यात बाई परत जाते. मारावर प्रेम आहे म्हणून नव्हे. महिन्याचं भाडं नसतं म्हणून.

"आणि कपडे," त्या म्हणाल्या. मला वाटलं, आल्या शेवटी साडीवर. पण ते वेगळंच होतं. बलात्काराची तक्रार झाली की वैद्यकीय तपासणीच्या वेळी अंगावरचे कपडे पुरावा म्हणून जमा होतात, आतले सुद्धा. ती घरी जाणार कशात? कायद्याने सरकारी असो वा खासगी, रुग्णालयाने तिच्यावर मोफत उपचार करायचे असतात. राज्याच्या मनोधैर्य योजनेतून, म्हणजे २०१३ पासून, अर्थसहाय्यही मिळतं, पण ते कागद पुढे सरकल्यावर. त्या रात्रीच्या सलवार-कमीजची, निकरची, चपलांची सोय तिथल्या तिथे होईलच असं नाही. म्हणून त्यांच्याकडे पिशव्या भरून ठेवलेल्या असतात. एका पिशवीत एक जोड कपडे, आतले कपडे, पॅड, टॉवेल, चप्पल, कंगवा, बिस्किटाचा पुडा.

या पिशव्यांचं काम बायकोने अंगावर घेतलं. तुळशीबागेत आणि लक्ष्मी रोडला दोन दुपारी फिरून तिने वेगवेगळ्या मापांचं सगळं आणलं. मी पिशव्या धरायला. दुकानदाराने विचारलं, "एवढ्या मापांचं? कोणासाठी हो?" बायको म्हणाली, "घरच्यांसाठी." नवंच घ्यायचं, वापरलेलं नाही, असं ताईंनी बजावलं होतं. आमच्या सोसायटीतून 'जुने कपडे आहेत, देऊ का' असे पाच फोन आले. पाचही नाकारले. त्यातल्या एक काकू अजून नीट बोलत नाहीत.

आता भावाची गोष्ट. त्याला एकदम उत्साह आला, म्हणाला मीही हजार डॉलर पाठवतो. मला वाटलं, यात काय अवघड आहे. संस्थेच्या सीएंनी मान हलवली. भाऊ आता अमेरिकी नागरिक. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड असलं तरी परदेशी देणग्यांच्या कायद्याच्या दृष्टीने तो परदेशीच. भारतीय पासपोर्ट ठेवला असता, तर तिथे कमावलेल्या स्वतःच्या पैशातून त्याने सरळ देणगी दिली असती तरी चाललं असतं. आणि या संस्थेकडे परदेशी देणगी घेण्याची नोंदणी नाही. ज्यांच्याकडे असते त्यांनाही २०२० च्या दुरुस्तीपासून तो पैसा आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावा लागतो. मी म्हटलं, मग माझ्या खात्यावर येऊ दे, मी माझ्या नावाने देतो. सीए माझ्याकडे असे बघायला लागले, की मी बँकेत होतो हे सांगायचं मी टाळलं.

भाऊ रुसला. पण त्याच्याच राज्यात 'मानवी' नावाची संस्था १९८५ पासून दक्षिण आशियाई बायकांसाठी काम करते, हे ताईंनीच सांगितलं. त्याने ते पैसे तिकडे दिले. नंतर एका रविवारी फोनवर म्हणाला, "दादा, मला वाटायचं हे सगळं तिकडे. इथेही नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या मुली आहेत रे, गाडी त्याची, खातं त्याचं, फोनही त्याचा." तो ज्या मराठी मंडळात गणपतीला ढोल वाजवतो, त्याच मंडळाबद्दल तो बोलत होता का, हे मी विचारलं नाही.

खातं त्याचं, फोन त्याचा. हे ऐकल्यापासून एक जुनी गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना. ती मी बायकोलाही कधी सांगितली नव्हती.

१९९४ साल. मी तालुक्याच्या गावातल्या शाखेत बचत खात्याच्या काउंटरवर. हाताने लिहायची लेजरं. तिथे एक बाई यायची, ब्लाउज शिवणारी. दर महिन्याला पन्नास, कधी शंभर भरायची. एक दिवस तिचा नवरा आला. ओळखीचा, शेजारच्या टपरीवर आम्ही चहा घ्यायचो. काउंटरवर कोपर टेकून त्याने सहज विचारलं, "आमच्या हिच्या खात्यात किती आहेत हो साहेब?" मी लेजरचं पान उलटून सांगितलं. तीन हजार आठशे साठ. नवराच तो, त्यात काय, असं वाटलंसुद्धा नाही. काहीच वाटलं नाही.

चार दिवसांनी दोघं आली, सगळे पैसे काढायला. तिच्या उजव्या हाताला फडकं बांधलेलं. स्लिपवरची सही नमुना सहीशी जुळेना. मी नियमाला पक्का. तिला तीनदा सही करायला लावली. तिसरी जराशी जुळल्यासारखी वाटली, पैसे दिले. नवऱ्याने मोजून घेतले.

खातेदाराची माहिती तिसऱ्याला द्यायची नाही, हाही नियमच होता. तो मी मोडला, आणि सहीचा तेवढा पाळला.

ताईंना हे सांगितलं, का सांगितलं कोण जाणे. त्या 'होतं असं' म्हणाल्या नाहीत. "मग आमच्याकडे दर मंगळवारी येत जा," म्हणाल्या. "बँकेची कामं तुंबली आहेत."

असा मी पैसे द्यायला गेलो आणि कामाला लागलो. दर मंगळवारी अकरा ते दोन. बायका ऑफिसातच भेटतात. त्यांची कहाणी मला कोणी सांगत नाही आणि मी विचारायची नाही, एवढी एकच अट. पहिले दोन महिने ही अट मला जड गेली. माणसाला देताना ऐकायचं असतं, खोटं कशाला बोलू. कोण, कुठली, काय झालं, किती मारलं. पैसे देऊन आपण जणू ती गोष्ट विकत घेतो.

मला फक्त कागद दिसतात, पण कागदही पुरेसे बोलतात. नवऱ्याबरोबरचं जोडखातं, दोघांपैकी कोणीही काढू शकेल असं, म्हणजे प्रत्यक्षात तोच काढणार. हिच्या एकटीच्या खात्याला जोडलेला मोबाइल नंबर मात्र त्याचा. 'लाडक्या बहिणी'चे दीड हजार हिच्या खात्यात जमा झाले की मेसेज त्याच्या खिशात वाजतो. त्या योजनेची ई-केवायसी आली तेव्हा तर नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचा ओटीपी लागत होता. ज्याच्यापासून पळून आली त्यालाच फोन करून 'ओटीपी सांग' म्हणायचं! त्या महिन्यात आमच्या टेबलासमोर रांग होती.

नवं खातं काढणं वरवर सोपं वाटतं. आधारवर सासरचा पत्ता असला तरी सध्याचा पत्ता स्वयंघोषणेवर चालतो, हे मला माहीत होतं. पण घोषणेत लिहायचा कोणता? निवाऱ्याचा देता येत नाही. संस्थेच्या ऑफिसचा देतो. पहिल्याच खात्याच्या वेळी माझी चूक झाली. डेबिट कार्ड टपालाने येईल असा पर्याय तसाच राहिला, आणि यंत्रणेने पत्ता उचलला तो आधारवरचा. कार्डाचं पाकीट थेट सासरी! नशीब, पाकीट पोस्टमनने सासूच्या हातात दिलं आणि सासूने ते गुपचूप सुनेच्या माहेरी पोचवलं. सासवांबद्दल मी तेव्हापासून जपून बोलतो. आता शाखेतच हातात मिळणारं बिननावाचं कार्ड घेतो, आणि खात्यावर पत्ता कोणता पडला ते पडद्यावर स्वतः वाचल्याशिवाय उठत नाही. यूपीआय चालू करून देताना आधी विचारतो, जुन्या फोनवर हेच खातं जोडलेलं आहे का. एकीचा माग नवऱ्याने असाच काढला होता. किराणा दुकानाला केलेलं पेमेंट, दुकानाच्या नावात गल्लीचं नाव.

आईच्या चार लाखांचं काय झालं ते राहिलंच. दीड लाख समुपदेशकाच्या पगाराला दिले, ज्यावर मी बोट ठेवलं होतं त्यालाच. एक लाख प्रवास आणि पिशव्यांना. उरलेल्या दीड लाखाचा डिपॉझिटसाठी फिरता निधी करायचा, ही कल्पना माझी आणि तिचा मला फार अभिमान. घरमालकाकडचं डिपॉझिट अकरा महिन्यांनी सुटतं, ते परत आलं की पुढचीला. त्यासाठी मी दोन पानी अर्जही तयार केला. उत्पन्नाचा पुरावा, दोन जामीनदार, घर सोडण्याचं कारण. ताईंनी पेन्सिल घेतली आणि एकेक रकाना खोडत गेल्या. "जामीनदार असते तर ती इथे आली असती का?" शेवटी उरलं ते रक्कम, तारीख आणि सही.

दोन वर्षांत नऊ डिपॉझिटं दिली. सहा पूर्ण परत आली, एक अर्धं. दोन बायका मधेच नवऱ्याकडे परत गेल्या आणि खोलीचं डिपॉझिट भाड्यात जिरलं. बँकेच्या भाषेत बुडीत. पहिलीच्या वेळी मी चिडलो, इतकं करून परत जायचं म्हणजे काय! ताई म्हणाल्या, "बायका एका फटक्यात बाहेर पडत नाहीत. कितीदा तरी परत जातात. या वेळी तिच्याकडे स्वतःचं खातं आहे, ते त्याला माहीत नाही. मागच्या वेळी तेही नव्हतं." दुसरी गेली तेव्हा चिडलो नाही, पण रात्री झोप नीट लागली नाही.

पावतीचं सांगायचं तर संस्थेने पॅन घेतला, देणगीचं रीतसर १०बीई प्रमाणपत्र दिलं. मी नव्या करप्रणालीत असल्यामुळे मला देणगीवरच्या ८०जी करसवलतीचा काडीचा उपयोग नव्हता. रोख देणाऱ्यांना मी एवढंच सांगतो, की दोन हजारांच्या वर रोखीने दिलंत तर जुन्या प्रणालीतही सवलत मिळत नाही. पावतीवर आईचं नाव घालता येईल का, असं मी विचारलं होतं. घालता येतं. पण पंख्यावर नाही.

वर्षश्राद्ध घरीच झालं, सहा पानं. पावत्यांचा तो डबा मी ठेवून दिला आहे. ही नवी पावती त्याच दोऱ्यात ओवली.

मागच्या मंगळवारी एकीला घेऊन शाखेत गेलो होतो. वय पंचविशीतलं, बरोबर चार वर्षांचा मुलगा. काउंटरवरची मुलगी कामाला चलाख होती. भराभर अर्ज भरताना मान वर न करता म्हणाली, "नॉमिनी कोण? मिस्टरांचं नाव टाकते."

त्या बाईने माझ्याकडे पाहिलं. मी पोराचा हात धरला आणि त्याला पासबुक छापायचं यंत्र दाखवायला घेऊन गेलो. ते आवाज करत होतं, त्यामुळे तिने कोणाचं नाव सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. परत आलो तेव्हा मुलगी अर्ज तिच्यापुढे सरकवत म्हणत होती, "सही इथे, इथे आणि इथे." मग मला म्हणाली, "काका, तुमची नको."

तिने पेन घट्ट धरून तीनदा सही केली. पोरगं टाचा उंचावून काउंटरवर काय चाललंय ते बघत होतं.